धुडकावणे

नववी ब, एरंडोल. मार्चातली सकाळची शाळा,
पत्रा आत्ताच तडतडायला लागलेला.
फळ्यावर मी लिहिलं: स्पर्न.
त्याखाली: क्रियापद, सकर्मक.
म्हणजे एकट्याने करता येत नाही,
समोर कुणी काही घेऊन उभं असावं लागतं.

मराठीत सांगा, पोरं म्हणाली.
नाकारणे, असं लिहिलं आणि लगेच पुसलं.
नाकारताना माणूस खुर्चीत बसून राहू शकतो.
स्पर्नला उठावं लागतं.
या शब्दाच्या पोटात पाय आहे,
जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थच लाथ मारणे.
आपलं लाथाडणे त्याच्याच गोत्रातलं.
झिडकारणे हाताने होतं, खांद्यापासून.
हिडीसफिडीस तोंडाने, बहुधा नात्यातच.
आणि अव्हेरणे फक्त पुस्तकात;
आहेराच्या इतक्या शेजारी राहून
ते असं कसं निघालं, त्याचं त्यालाच ठाऊक.

वाक्यात उपयोग करा, म्हटलं.
शब्दकोशात राजकन्या होती आणि कुणा सरदाराची मागणी.
चेतना मागून म्हणाली,
मॅडम, सरकी नसली तर आमची म्हैस घमेलं स्पर्न करते.
बरोबर. कर्ता, कर्म, पाय, सगळं आहे.

मग नेमका शब्द सापडला
आणि मी खडू मोडेस्तोवर दाबून लिहिला:
धुडकावणे.
वर्ग फुटला.
दारात नोटिशीची वही घेऊन
आमचे शिपाई उभे होते,
धुडकूआप्पा.

त्यांनी फळा वाचला, अक्षर अक्षर जुळवत.
"खरं शे मॅडम, मन्हंच नाव शे ते.
मन्हा पहिले तीन भाऊ मरनात.
मी उनू तं मायनी माले सुपडामा घाला,
धुडकामा गुंडाळी उकिरडावर ठी उनी.
शेजारनी जिजामाय मांगेमांगे गयी,
उचली लयनी, सव्वा पैसाले मायलेच ईकी दिना.
यम उना. दखं. म्हने, हाई चिंधी कोन लई जाई?
नाक मुरडं, गया निंघी."

मग वही पुढे केली. सही करा, उद्या अर्धी सुट्टी.

मी साताऱ्याकडची, बदलून आलेली.
धुडकं म्हणजे चिंधी, हे मला माहीत नव्हतं.
म्हणजे माझी व्युत्पत्तीही चुकलीच होती.
पण त्या दिवसानंतर मला कोश उघडला की
ती बाई दिसते, नाव मी विचारलं नाही,
रिकामं सूप घेऊन उकिरड्याकडून परतणारी,
मागे वळून बघायचं नाही म्हणून
मान ताठ धरलेली.
दहा पावलं. कदाचित पंधरा.
छातीला पान्हा आणि चेहऱ्यावर शिसारी.
कुठल्याच कोशात नोंद नाही
की हे क्रियापद खोटंखोटंही करता येतं
आणि खोटंखोटं करायला जास्त ताकद लागते.

वार्षिक परीक्षेत लोटन महाजनने लिहिलं:
स्पर्न म्हणजे जीव वाचवणे.
मी एक गुण दिला. पुनर्तपासणीत तो कापला गेला,
आणि कापणाऱ्याचं चुकलं असं
मी आजही म्हणू शकत नाही.

आप्पा निवृत्त झाले त्या साली नातू झाला.
बारशाला गेले होते. गल्लीत मांडव, फुगे,
सुनेने मोबाइलवर शोधलेलं नाव: रियांश.
आप्पांना ते नीट म्हणता येईना,
रिहान्स म्हणाले, सगळे हसले.
फोटो काढून झाल्यावर,
बायका पंगतीकडे वळल्यावर,
आप्पा पाळण्यावर वाकले.
इकडेतिकडे पाहिलं. मी खांबाआड होते.
बाळाच्या कानाशी तोंड नेऊन
हळूच, घाईघाईने म्हणाले,
"बेकार शे रे तू. चिंधी शे निस्ती.
कोनलेच नको तू, कोनलेच नको."